सोलापूर ते जनकपूर, जयनगरचं टेबल आणि मागे राहिलेल्या आत्याबाई : रेल्वेने दुसऱ्या देशात जाणाऱ्यांसाठी धागा

चादरवाली

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही घरचे सहा जण नेपाळात जनकपूरला जाऊन आलो. सोलापूरहून निघालो सहा जण, सीमा ओलांडली चौघांनी. ते का झालं ते सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडून बरीच मंडळी काशी-अयोध्या करून पुढे सीतामाईचं माहेर बघायला जातात आणि आमच्यासारखीच अडकू शकतात.

रस्ता असा: सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघून पहाटे कल्याणला उतरलो. तिथून पवन एक्स्प्रेस. ती लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटते आणि थेट बिहारमधल्या जयनगरला जाते. दीड दिवसाहून जास्त प्रवास आहे, म्हाताऱ्या माणसांना खालचा बर्थ मिळायलाच हवा. जयनगर हे आपल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन. त्याला लागूनच नेपाळच्या गाडीचं स्टेशन आहे आणि तिथूनच नेपाळ रेल्वे सुटते. कुर्थापर्यंत ३५ किलोमीटर, जनकपूर त्याच्या अलीकडे. ही मोठ्या रुळांची गाडी २ एप्रिल २०२२ ला सुरू झाली. आपल्या तिकिटाच्या अ‍ॅपवर हिचं तिकीट मिळत नाही, खिडकीवर जाऊन काढायचं. फक्त भारतीय आणि नेपाळी नागरिकांना या गाडीत बसता येतं. परदेशी पासपोर्टवाले नातेवाईक सोबत असतील तर त्यांना हा रस्ता नाही.

आपल्याला नेपाळचा व्हिसा लागत नाही. म्हणून आम्ही समजत होतो की आधार कार्ड दाखवलं की झालं. सोलापुरात चार जणांना विचारलं, चौघांनीही तेच सांगितलं.

तपासणीच्या टेबलापाशी लांब रांग होती. सासरे ७४ वर्षांचे, सासूबाई ७१, दोघांची आधार कार्डं बघितली आणि सोडलं. मुलगा १३ वर्षांचा, त्याचंही आधार चाललं. आमच्या दोघांची मतदार ओळखपत्रं होती. मग आत्याबाई. यांच्या सख्ख्या आत्या, वय ६१. जवानाने त्यांचं आधार हातात घेतलं, जन्मसालावर बोट ठेवलं आणि मान हलवली. "माताजी, वोटर कार्ड? पासपोर्ट?" आत्याबाईंना काही कळेना. त्या पुन्हा पुन्हा आधारच पुढे करत होत्या.

नियम असा आहे: १५ पेक्षा लहान आणि ६५ पेक्षा मोठ्या माणसाला आधार, पॅन, लायसन असं वय आणि ओळख पटवणारं फोटोचं कार्ड चालतं. मधल्या वयाच्या माणसाला पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, नाहीतर सरकारी नोकर असल्यास सरकारने दिलेलं फोटोचं ओळखपत्र लागतं. नुसतं आधार चालत नाही. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका मोठ्या माणसाकडे योग्य कागद असेल, तर बाकीच्यांना नातं दाखवणाऱ्या फोटोच्या कागदावर सोडू शकतात, उदाहरणार्थ रेशनकार्ड. पण आत्याबाईंचं रेशनकार्ड अक्कलकोटला, त्यांच्या सासरच्या नावावर. आमच्या कार्डावर त्यांचं नाव कुठून असणार?

जवान चांगला बोलला, नियम समजावून सांगितला, खुर्चीही दिली. पण सोडलं नाही, आणि त्याचं बरोबरच होतं.

आत्याबाईंनी जाताना सीतामाईच्या ओटीची सगळी तयारी करून आणली होती. हिरवी इरकल साडी, खण, बांगड्या, हळकुंड, सुपारी, तांदूळ, सगळं एका जुन्या दस्तीत गाठ मारून. नारळ वेगळा. दोन रात्री ते गाठोडं उशाशी घेऊन झोपल्या होत्या. गाडीची वेळ झाली तेव्हा त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "माझी म्हणून भरू नको, सोलापूरची म्हणून भर." हे त्यांच्याबरोबर जयनगरलाच थांबले. आम्ही चौघं गेलो.

जानकी मंदिर फार देखणं आहे. टिकमगढच्या राणीने १९१०-११ च्या सुमारास बांधलं, नऊ लाख खर्च आला म्हणून नौलखा मंदिर म्हणतात. पांढरंशुभ्र, मोठ्या वाड्यासारखं. पण मी ओटी भरताना माझं चित्त तिथे नव्हतं, खरं सांगते.

आणखी एक. सीमेपलीकडे इनर्वा स्टेशन येईपर्यंत आमच्या फोनची रेंज गेली. भारतातलं सिम नेपाळात रोमिंग चालू केल्याशिवाय चालत नाही, हे माहीत असूनही केलं नव्हतं. कारण सगळे एकत्रच असणार होतो ना! संध्याकाळी लॉजच्या वाय-फायवरून यांना फोन लागला, तोवर दोन्हीकडे नुसती काळजी.

तुमच्यापैकी कोणी रेल्वेने दुसऱ्या देशात गेलं असेल, कुठल्याही देशात, तर अनुभव लिहा. आत्याबाईंना घेऊन मला परत जायचंय आणि या वेळी काहीही राहून जायला नको.

कुर्डुवाडी_जंक्शन

ताई, वाचून वाईट वाटलं. मी रेल्वेतून निवृत्त झालो, सोलापूर विभागात नोकरी झाली. थोडं लांबलचक लिहितो.

रेल्वेने सीमा ओलांडायची म्हटलं की लोक गाडीची वेळ, भाडं, बर्थ विचारतात. पहिला प्रश्न वेगळाच पाहिजे: तपासणी कुठे होते? याच्या तीन तऱ्हा असतात. एक, गाडीत बसायच्या आधीच, निघायच्या स्टेशनावर. दोन, सीमेवरच्या स्टेशनावर सामानासकट खाली उतरवून. तीन, चालत्या गाडीत, तुमच्या सीटपाशी येऊन. कुठली तऱ्हा आहे त्यावर सगळं ठरतं. किती आधी पोचायचं, सामान कसं बांधायचं, कागद कुठे ठेवायचे, म्हाताऱ्या माणसाला किती वेळ उभं राहावं लागेल.

कोलकाता-ढाका मैत्री एक्स्प्रेसचं उदाहरण घ्या. १४ एप्रिल २००८ ला सुरू झाली. सुरुवातीला तपासणी सीमेवर व्हायची, आपल्याकडे गेदे आणि पलीकडे दर्शना. दोन्हीकडे सगळ्यांनी सामान घेऊन उतरायचं, रांग लावायची, परत चढायचं. प्रवासातले कितीतरी तास त्यातच जायचे. नोव्हेंबर २०१७ पासून तपासणी कोलकाता आणि ढाका या दोन टोकांनाच करायला लागले आणि मधला सगळा खोळंबा संपला. रूळ तेच, इंजिनही तेच, फक्त टेबल हलवलं. जुलै २०२४ पासून ती गाडी बंद आहे. पाकिस्तानकडे जाणारी समझौता २०१९ च्या ऑगस्टपासून थांबली. म्हणून दुसरी गोष्ट: दोन देशांमधली गाडी दोन देशांच्या संबंधांवर चालते. जुन्या ब्लॉगवर वेळापत्रक आहे म्हणून गाडी आहे असं समजू नका. तिकिटं काढायच्या आधी ती गाडी आज चालू आहे का, हे बघा.

जयनगर ही पहिली तऱ्हा. म्हणजे गाडीच्या वेळेआधी निदान दोन तास तिथे पाहिजे. आणि पवन उशिरा येणार असं धरूनच चला. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडतं, गाड्या तासन्‌तास रखडतात. ज्या दिवशी जयनगरला पोचाल त्याच दिवशी सीमा ओलांडायचा बेत करू नका. एक मुक्काम दरभंग्याला किंवा जयनगरला ठेवा.

सोलापूर-कल्याण आणि कल्याण-जयनगर ही दोन तिकिटं वेगळी निघतात. ती एकमेकांना जोडून घ्या. दोन पीएनआर जोडायची सोय २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा आली म्हणून दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे कापाकापी न होता परत मिळतात. मुख्य अट अशी, दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची माहिती तंतोतंत सारखी हवी. एकावर आद्याक्षर आणि दुसऱ्यावर पूर्ण नाव असं करू नका. आता आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, हेही ध्यानात असू द्या.

जाता जाता एक. जनकपूरची जुनी गाडी १९३७ ची, अडीच फुटी नॅरोगेज. आपली बार्शी लाइट रेल्वेही अडीच फुटीच. कुर्डुवाडी-बार्शी १८९७ ला सुरू झाली, म्हणजे जनकपूरच्या चाळीस वर्षं आधी. टपावर माणसं बसलेली ती गाडी तिकडे २०१४ पर्यंत चालली. आता जे डबे धावतात ते आपल्या कोकण रेल्वेने नेपाळला पुरवले, २०२० मध्ये. पुढच्या वेळी आत्याबाईंना सांगा, ही गाडी म्हणजे आपल्याच घरची लेक तिकडे दिलेली आहे.

भवानीपेठ

ताई, आम्ही दिवाळीनंतर जायचं म्हणतोय. मुलगी १६ वर्षांची आहे. पासपोर्ट नाही, मतदार कार्ड तर निघणारच नाही. तिचं काय?

चादरवाली

१५ ते १८ वयाच्या मुलांना शाळेच्या मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखपत्र चालतं, फोटो आणि शिक्क्यासह. दिवाळीच्या सुट्टीत शाळा बंद असते, म्हणून आधीच अर्ज द्या. पण वेळ असेल तर पासपोर्टच काढा. सोलापुरात पासपोर्टचं केंद्र आहे, पुण्याला जायला नको. मोठ्यांना साधा ३६ पानी १५०० रुपयांत होतो आणि ६० च्या वर वय असेल तर नव्या पासपोर्टला फीमध्ये दहा टक्के सूट आहे. आम्ही आत्याबाईंचा अर्ज भरला, तेव्हा हे कळलं.

साखरपेठ_७

एवढा खटाटोप कशाला? सीतामढीहून भिट्ठामोडच्या रस्त्याने चालत पलीकडे जायचं, तिथून बस. सीमा उघडी आहे, कोणी विचारत नाही. आमचा ग्रुप तसाच गेला होता.

कुर्डुवाडी_जंक्शन

रस्त्याने जाता येतं, खरं आहे. पण भाऊ, कोणी विचारलं नाही म्हणजे कागद लागत नाही असं नव्हे. पलीकडे लॉजवाला ओळखपत्र मागतो. कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं, पाकीट मारलं गेलं, किंवा त्याच दिवशी तपासणी कडक झाली तर? ६१ वर्षांच्या बाईला परक्या देशात बिनकागदाचं नेणं मला पटत नाही. माझ्या बहिणीला मी नेणार नाही.

साखरपेठ_७

बरोबर आहे काका. आमच्यात सगळे तरुण होते, हा विचार केला नव्हता.

जुळे_सोलापूर

आमची लेक जर्मनीत म्युनिकला असते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे होतो, तिथून दोघंच रेल्वेने झुरिकला गेलो. काकांनी सांगितलेली तिसरी तऱ्हा, चालत्या गाडीतली तपासणी, ती तिथे भेटली. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

म्युनिकहून झुरिकला जाणारी गाडी चार तासांच्या आत पोचते आणि तेवढ्यात तीन देश होतात. जर्मनीतलं लिंडाऊ गेलं की ऑस्ट्रियातलं ब्रेगेन्झ, मग स्वित्झर्लंड. खिडकीतून मोठं तळं दिसतं. कुठे पाटी नाही, फाटक नाही, कोणी उतरवत नाही. तिन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. त्यामुळे आम्ही निर्धास्त. पासपोर्ट मोठ्या बॅगेत आणि बॅग डब्याच्या टोकाला सामानाच्या मांडणीत.

जाताना काही झालं नाही. येताना जर्मनीत शिरल्यावर दोन पोलीस डब्यात चढले. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केली आहे, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. मी मोबाइलमधला पासपोर्टचा फोटो दाखवला. चालला नाही. मूळ पासपोर्ट हवा. मी डब्याच्या टोकाला गेलो, तर आमच्या बॅगेवर दुसऱ्यांच्या तीन बॅगा. गाडी चालू, मी ६८ वर्षांचा, एका हाताने दांडा धरलेला. शेवटी एका तरुण मुलाने उठून बॅगा उतरवून दिल्या. बायको तेवढा वेळ त्या पोलिसांसमोर एकटी बसून होती, भाषा येत नाही, हात कापत होते. परत आल्यावर तिने त्याच रात्री सुईदोरा काढला आणि दोघांसाठी कापडी बटवे शिवले, गळ्यात घालून झंपरच्या, सदऱ्याच्या आत राहतील असे. ज्याचा पासपोर्ट त्याच्या गळ्यात. नवऱ्याकडे दोन्ही, असं नाही.

बाकी गोष्टी भराभर सांगतो.

स्वस्तातलं तिकीट त्याच ठरावीक गाडीला लागू असतं. आपल्या चुकीने गाडी सुटली तर पैसे बुडाले. पण गाडीच उशिरा धावत असेल तर हक्क आपला असतो. युरोपीय नियमाप्रमाणे ठिकाणावर एक तास उशीर झाला तर भाड्याचा पाव हिस्सा, दोन तास झाला तर निम्मा परत मागता येतो. लेकीने आमचे असे एकदा मिळवले.

तिकीट म्हणजे सीट नव्हे. सीटचं आरक्षण वेगळं काढावं लागतं. वयस्कर माणसांनी काढावंच.

फलाटावर ए, बी, सी अशा पाट्या असतात. आपला डबा कुठल्या पाटीपाशी येणार ते फलाटावरच्या फळ्यावर दिसतं. गाडी दोन-तीन मिनिटंच थांबते. काही गाड्या मध्ये तुटून दोन दिशांना जातात, म्हणून डब्यावर लिहिलेलं शेवटचं गाव वाचूनच चढा. दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावं लागतं. आम्ही पहिल्यांदा दारासमोर नुसते उभे होतो. हमाल नाही. जेवढं स्वतः उचलून तीन पायऱ्या चढवता येईल तेवढंच सामान घ्या.

स्वित्झर्लंडमध्ये युरो नाही, फ्रँक. आणि जर्मनीतल्या सिमचं फुकट रोमिंग पुष्कळदा युरोपीय संघापुरतं असतं, स्वित्झर्लंड त्या संघात नाही. लेकीच्या मैत्रिणीला असंच मोठं बिल आलं होतं, म्हणून आमचा डेटा लेकीने आधीच बंद करून दिला आणि तिकीट कागदावर छापून दिलं.

सर्वांत महत्त्वाचं, लंडन. पॅरिसहून लंडनला बोगद्यातून युरोस्टार जाते. तो प्रवास शेंगेनच्या बाहेरचा. ब्रिटनचा वेगळा व्हिसा लागतो, आणि परत युरोपात यायचं असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा पाहिजे. एकच प्रवेश असेल तर लंडनला गेल्यावर तो संपला. मुलीच्या शेजाऱ्यांच्या आईवडिलांची तिकिटं याच कारणाने वाया गेली. व्हिसाच्या चिकटवलेल्या कागदावर प्रवेशांची संख्या लिहिलेली असते, ती आधी बघा. युरोस्टारला दोन्ही देशांची तपासणी निघतानाच होते आणि सुटायच्या अर्धा तास आधी फाटक बंद होतं, म्हणून विमानासारखं लवकर जायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू केली आहे, तेव्हा आणखी थोडा वेळ हाताशी ठेवा.

चादरवाली

दादा, बटव्याची कल्पना फार आवडली. वहिनींना माझा नमस्कार सांगा. मी चादरीच्या उरलेल्या कापडातून सहा शिवणार आहे.

वुडलँड्सचा_सोलापूरकर

मी सिंगापूरला नोकरी करतो, घर अशोक चौकात. आईवडील येतात तेव्हा त्यांना मलेशियाची सफर म्हणून जोहोर बारूला नेतो. वुडलँड्सहून शटल गाडी आहे, खाडीवरच्या बांधावरून पाच मिनिटांत पलीकडे. वाहनांच्या रांगेत कधी कधी दोन-तीन तास जातात, म्हणून गाडीच बरी.

जाताना सिंगापूरची बाहेर पडण्याची आणि मलेशियाची आत शिरण्याची, दोन्ही तपासण्या वुडलँड्सलाच होतात. पलीकडे उतरलं की थेट बाहेर. येताना मलेशियाचं काम जोहोरला आणि सिंगापूरचं वुडलँड्सला. शनिवार-रविवारची तिकिटं लवकर संपतात, येतानाचं तर आधी काढा. भाडं जाताना पाच सिंगापूर डॉलर आणि येताना पाच रिंगिट, म्हणजे येताना पुष्कळच स्वस्त.

पाच मिनिटांचा प्रवास असला तरी कागद पूर्ण लागतात. मलेशियाचं ऑनलाइन आगमन कार्ड पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, आणि परत येताना सिंगापूरचंही तसंच पुन्हा भरायचं. दुसरं लोक विसरतात. सिंगापूरचा व्हिसा पुन्हा प्रवेश देणारा आहे ना, ते वर दादांनी सांगितल्याप्रमाणे इथेही बघा. आईचं आगमन कार्ड भरताना मी पासपोर्टवरचं नाव न बघता घरी म्हणतो ते नाव टाकलं होतं. भरून झाल्यावर सहज ताडून बघितलं म्हणून वाचलो. आपल्याकडे बायकांचं माहेरचं नाव, सासरचं नाव, आडनाव आधी की नंतर, यात फार गोंधळ असतो. पासपोर्टवरच्या दोन ओळी जशा आहेत तशाच उतरवायच्या.

कडकभाकरी

खाण्याचं कोणी लिहिलं नाही, मी लिहिते. आम्ही बारा बायका मागच्या वर्षी अयोध्या करून जनकपूरला गेलो होतो. एवढ्या लांबच्या प्रवासाला आपली कडक भाकरी आणि शेंगाचटणी यासारखं दुसरं काही नाही. भाकरी पंधरा दिवस टिकते, वास सुटत नाही, तेल गळत नाही. पण ती सुटी नेऊ नका, चुरा होतो. स्टीलच्या डब्यात तळाला कागद घालून उभ्या लावा. धपाटे फक्त पहिल्या दिवसापुरते, दह्याशिवाय. चटणी काचेच्या बरणीत नको. आमची एक बरणी मुझफ्फरपूरला वरच्या बर्थवरून पडून फुटली, लसणाचा वास जयनगरपर्यंत सोबत होता.

औषधं मूळ पट्टीतच न्या, कापून डबीत भरलेल्या गोळ्या नकोत. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. शुगरच्या गोळ्या सामानात नाही, पर्समध्ये.

पैशांचं: जनकपूरला प्रत्येक दुकानदार विचारतो, "भारू की नेरू?" म्हणजे भारतीय रुपये सांगतोय की नेपाळी. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा भाव ठरलेलाच आहे. आमच्यातल्या एकीने १६० ची वस्तू भारतीय १६० देऊन घेतली, साठ रुपये जास्त गेले. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा भरपूर न्या. फोनवरून पैसे देण्याच्या भरवशावर जाऊ नका, रेंज गेली की तेही गेलं. बँकेचं काम असेल तर शनिवारी नको, तिकडे सुट्टी शनिवारी असते.

आणि घड्याळ! नेपाळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे आहे. परतीच्या गाडीची वेळ विचारली की "कुठल्या घड्याळाने?" हे विचाराच. आमच्यातल्या चौघी पंधरा मिनिटांच्या हिशेबात चुकल्या आणि पळत गाडी पकडली. गुडघे दुखणाऱ्या बायकांना असं पळायला लागू नये.

विवाहपंचमीला, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला, तिथे राम-सीतेच्या लग्नाचा मोठा सोहळा असतो. बघण्यासारखा आहे, पण म्हाताऱ्यांना त्या गर्दीत नेऊ नका असं मी म्हणेन. आठ दिवस आधी किंवा नंतर जा. मंदिर तेच, आणि शांतपणे बसता येतं. स्टेशनाहून मंदिरापर्यंत ई-रिक्षा मिळतात, चालवायला नको.

कुर्डुवाडी_जंक्शन

ताईंनी औषधांचं बरोबर सांगितलं. एक जोड देतो. सहा जण असाल तर दोघांचे फोन रोमिंगवर ठेवा, एकाचा नाही. आणि तुकडी फुटली तर काय करायचं ते सोलापुरातच ठरवून निघा: कोण कोणाबरोबर थांबेल, कुठे थांबेल, किती वाजता फोन करेल. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी, तीवर दोन फोन नंबर आणि लॉजचं नाव, हिंदीत. स्मार्टफोन बंद पडतो, चिठ्ठी बंद पडत नाही.

चादरवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहितेय.

आत्याबाईंचं मतदार कार्ड सापडलं! अक्कलकोटच्या घरी लोखंडी पेटीत, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली. कधीतरी मतदान करून आल्यावर तिथेच ठेवलेलं. आता पासपोर्टसाठी पोलीस पडताळणीही झाली. त्या दिवशी आत्याबाई सकाळी सहालाच नऊवारी नेसून तयार होत्या. हवालदारांना चहा दिला आणि सगळा जयनगरचा प्रसंग सांगितला. ते म्हणाले, आजी, या वेळी नक्की जाल.

ठरलं असं: जानेवारीतली आपली गड्ड्याची यात्रा झाली की धुकं ओसरायची वाट बघायची आणि फेब्रुवारीच्या शेवटी निघायचं. साठ दिवस आधी सकाळीच तिकिटं. दोन्ही पीएनआर जोडून. जयनगरला एक मुक्काम. यांचा आणि माझा, दोन फोन रोमिंगवर. सहा बटवे शिवून झालेत, प्रत्येकावर नावाचं पहिलं अक्षर भरलंय, म्हणजे सासऱ्यांचा सासूबाईंकडे जायला नको.

आत्याबाई नवी साडी घेणार आहेत ओटीसाठी. मी म्हटलं, मागच्या वेळी भरली की. तर म्हणाल्या, ती सोलापूरची होती, ही माझी.

कडकभाकरी

ताई, फेब्रुवारीत आमच्या आईला तुमच्याबरोबर पाठवू का? वय ६३. हे सगळं वाचून आज तिचं मतदार कार्ड काढून बघितलं. त्यावर नावापुढे "बाई" लागलंय, आधारवर नाही. जन्मतारखेतही एक वर्षाचा फरक आहे.

चादरवाली

आनंदाने येऊ दे, आत्याबाईंना सोबत होईल. पण ती दोन्ही कार्डं आधी सारखी करून घ्या. मतदार कार्डाच्या दुरुस्तीला फॉर्म ८ लागतो, ऑनलाइनही भरता येतो. उद्याच भरा. नवं कार्ड हातात आलं की मला इथे कळवा, मग सातवा बटवा शिवते.